मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी का?

सुरंगी
जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. आईबाबांचं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट काढायचं आहे. 'दोन विमानतळांमधलं अंतर' सांगणाऱ्या एका साइटवर १२,५३३ किमी आणि १६ तास ४ मिनिटं दिसतं. दुसरीवर अंतर जवळपास तेवढंच, पण वेळ १३ तास ५० मिनिटं. तिकिटांच्या साइटवर जाताना सुमारे १६ तास, येताना साडेचौदा. दुबईमार्गे २० तास, लंडनमार्गे २१. यातलं खरं काय धरायचं? आणि जाता-येता दीड तासाचा फरक कसला? पृथ्वी फिरते म्हणून का?

टिंबटिंब
पृथ्वी फिरते म्हणून नाही. तसं असतं तर हेलिकॉप्टर नुसतं वर नेऊन उभं करायचं आणि न्यूयॉर्क खाली आलं की उतरायचं.

भोवरा
टिंबटिंब, :ड

सुरंगीताई, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे ते कारण बाद. कारण वारा. आपल्या आणि त्यांच्या अक्षांशांत ३०-४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

कच्चा हिशोब असा. मोठी विमानं माक ०.८४-०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी उडतात. त्या उंचीवरच्या थंडीत (उणे ५५ अंशांच्या आसपास) हा वेग ताशी ९०० किमी पडतो. पण हा हवेतला वेग झाला, जमिनीवरचा नव्हे. प्रत्यक्ष मार्ग १३,००० किमी आणि सरासरी उलटा वारा ५० किमी धरला, तर १३,००० भागिले ८५० म्हणजे १५ तास १८ मिनिटं. येताना १३,००० भागिले ९५०, म्हणजे १३ तास ४१ मिनिटं. झाला की नाही दीड तास? यात चढणं-उतरणं आणि जमिनीवरचं रांगणं मिळवा, तुमचे तिकिटावरचे आकडे येतात.

हिवाळ्यात हे पट्टे जास्त जोरात असतात आणि दक्षिणेकडे सरकतात. म्हणून जानेवारीतलं जाणं जुलैपेक्षा लांबतं.

रेघोटी
भोवरा यांच्याशी सहमत. त्या १६ तास ४ मिनिटांचा उलगडा करून टाकते. बऱ्याच साइट्स 'अंतर भागिले ताशी ५०० मैल, अधिक अर्धा तास' एवढंच गणित करतात. ५०० मैल म्हणजे ८०५ किमी. १२,५३३ भागिले ८०५ म्हणजे १५ तास ३४ मिनिटं, अधिक ३०. आले तुमचे १६:०४. जातानाच्या वेळेशी आकडा जुळला तो निव्वळ योगायोग. तीच साइट उलट दिशेलाही १६:०४ दाखवेल आणि तिथे दीड तासाने चुकेल. दुसऱ्या साइटने ९०५ च्या आसपास वेग धरलाय आणि वरचा अर्धा तास धरलेलाच नाही. दोन्ही दिशांना एकच वेळ दाखवणारी साइट वेळेसाठी बघायचीच नाही. अंतरासाठी चालेल.

कात्रजचा बोगदा
अंतर तरी कुठून काढतात? नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबी समुद्र, आफ्रिकेचं वरचं टोक आणि अटलांटिक अशी सरळ जाते. विमान मात्र स्क्रीनवर ग्रीनलंडच्या शेजारून जाताना दिसतं. वळसा घालून पेट्रोल का जाळतात?

रेघोटी
बोगदेसाहेब, वळसा पट्टी घालतेय, विमान नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर एक बोट आणि न्यूयॉर्कवर एक बोट ठेवून मधे दोरा ताणा. दोरा आपोआप वर सरकतो.

हाच दोरा आकड्यांत. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा विमानतळ जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश.
दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०
दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५४) = −०.५९९०
बेरीज −०.३८६०. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन ११२.७१ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणाकार १२,५३३.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांच्या ठरलेल्या चुका दोन. अंशांचं रेडियन करायचं राहतं आणि काहीतरी अचाट उत्तर येतं. किंवा पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहतं, मग न्यूयॉर्क किर्गिझस्तानमध्ये जातं. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने दहावीस किमी इकडेतिकडे होतात, म्हणून दोन साइट्सचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

घाटावरचा
न्यूयॉर्क किर्गिझस्तानमध्ये :ड :ड
वाखुसा (वाचनखूण साठवली).

भोवरा
आता रेघोटीताईंचा दोरा कुठून जातो ते बघा, खरी गंमत तिथे आहे. मुंबईहून वायव्येच्याही उत्तरेला, साधारण ३३३ अंशांवर निघायचं. कच्छ-सिंध, कंदाहार, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने बोथनियाचं आखात, नॉर्वेत ट्रॉन्हेम, मग आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि खाली न्यूयॉर्क. सगळ्यात वर ६४.७ अंश उत्तर. ध्रुवावरून वगैरे काही जात नाही हे विमान. तसं गेलं होतं ते २०२१ चं सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरूचं.

आता या दोऱ्यावर आज कोणाला उडता येतं ते मोजा. भारतीय कंपन्यांना एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश बंद, बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं बंद. म्हणजे १२,५३३ किमीचा रस्ता कागदावर आहे, पण तो एकाला सुरुवातीलाच अडतो आणि दुसऱ्याला मधे.

अण्णा डोंबिवलीकर
म्हणजे मेगाब्लॉक. हार्बरची गाडी मेनवरून, दोन्हीकडे बोंब.

पाणचक्की
मग वळसा प्रत्यक्षात केवढा? कोणी आकडा देईल का?

रेघोटी
मधे एक शहर धरून दोन तुकडे मोजायचे, बेरीज करायची. इस्तंबूलवरून ४,८३५ अधिक सुमारे ८,०००, म्हणजे १२,८३५ च्या घरात. कैरोवरून ४,३४१ अधिक ९,०१७ = १३,३५८. म्हणजे अगदी कैरोपर्यंत खाली आलं तरी सरळ दोऱ्यापेक्षा ८२५ किमी जास्त, साधारण एक तास. मुंबईला वळसा तसा स्वस्तात पडतो, कारण समुद्र दारातच आहे. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत खाली यावं लागतं, मग समुद्र.

भोवरा
+१. म्हणूनच २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं तेव्हा दिल्ली-इस्तंबूलच्या छोट्या विमानांना इंधनासाठी दोह्याला उतरावं लागलं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्नात. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश बंद झालं आणि २३ जूनला काही तास कतारचंही, तेव्हा मुंबईकरांनाही फटका बसला.

कात्रजचा बोगदा
एक शंका. तासाभराचं जास्तीचं इंधन आधीच भरून ठेवायला काय जातं?

भोवरा
वजन जातं. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावतं, म्हणजे १४५ टन. तासाला ढोबळ ७-८ टन जळतं. पण तासाभराचं जास्तीचं इंधन १५ तास उचलून न्यायलाही इंधन लागतं. शिवाय उड्डाणाच्या वजनाला मर्यादा आहे आणि मे महिन्याच्या उकाड्यात हवा विरळ झाली की ती अजून खाली येते. मग इंधन वाढवलं की माल किंवा माणसं कमी करायची. काही सीटा मुद्दाम रिकाम्या ठेवून विमान निघतं ते यामुळे, मेहेरबानी म्हणून नाही.

याच कारणाने विमान सुरुवातीला ३१,००० फुटांवर रेंगाळतं. जड असतं, वर चढवतच नाही. चार-पाच तासांनी हलकं झालं की ३३, ३५, पुढे ३७-३९ हजार.

गोडबोले मास्तर
चर्चेत एक गल्लत होतेय. तिकिटावरची वेळ म्हणजे उडण्याची वेळ नव्हे. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून तिकडे ठोकळे लावेपर्यंतचा काळ तिथे छापतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या वेळी गेटपासून उड्डाणापर्यंत २०-३० मिनिटं सहज जातात. जेएफकेला उतरल्यावर गेट रिकामं नसेल तर तिथेही बसा. कंपन्या हे सगळं धरून वर थोडी जास्तच वेळ लावतात. उशिरा सुटलेलं विमान 'वेळेवर' पोचतं ते त्यामुळे.

टिंबटिंब
आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला साडेसातला सांगतात आणि पानं नऊला घेतात. ब्लॉक टाइमच तो.

सुरंगी
सर्वांचे आभार! आता मूळ प्रश्न: दुबईमार्गे की लंडनमार्गे? अंतर कोणतं कमी?

रेघोटी
लंडन. ७,२१२ अधिक ५,५४० = १२,७५२, म्हणजे सरळपेक्षा जेमतेम २२० किमी जास्त. दुबई १,९२७ अधिक ११,००२ = १२,९२९, जास्तीचे ४०० किमी. दोन्हीकडून वळसा छोटाच पडतो. थांबा घेतल्याने अंतर फारसं वाढत नाही, वाढतो तो जमिनीवरचा वेळ.

पाणचक्की
ज्येष्ठांसाठी अंतरापेक्षा तुकडे कसे पडतात ते बघा. दुबईमार्गे सव्वातीन तास आणि मग १४ तास. म्हणजे लांब बसणं काही चुकत नाही, उलट मध्यरात्री तीनला उठून चालणं वाढतं. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे साडेनऊ-दहा आणि आठ-नऊ. गुडघे दुखणाऱ्यांना हे बरं. पण लंडनच्या ट्रान्झिटसाठी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असला की सहसा सुटका होते, तरी तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघाच. मुलंबाळं तिकडे राहण्याची परवानगी (स्टेटस) वाढवून राहिलेली असतात, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, आणि घोळ परतीच्या वाटेवर होतो.

गोडबोले मास्तर
पाणचक्की यांच्याशी असहमत. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि इंग्रजीची सवय नसलेल्या ज्येष्ठांना थांबा नकोच. नॉनस्टॉप महाग पडला तरी घ्या. थांबा घ्यायचाच तर अबू धाबीचा विचार करा: अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच उरकतं, ही सोय २०१४ पासून आहे. न्यूयॉर्कला मग देशांतर्गत विमानातून उतरल्यासारखं सरळ बाहेर. मात्र तिथल्या थांब्याला तीन तास तरी ठेवा. रांग लांबली तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांत फरक आहे. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा नंबर एकच, मधे कुठेतरी उतरू शकतं. तिकीट काढताना 'थांबे: ०' हे वाचायचं.

पाणचक्की
मास्तर, इंग्रजीच्या मुद्द्याला अनुमोदन, गुडघ्याच्या नाही. :) व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान ४८ तास आधी. व्हीलचेअर असली की रांगा, इमिग्रेशन, गेट हे सगळं सोबतचा माणूस करतो, भाषेचा प्रश्नही बराचसा सुटतो. आणि दोन तुकड्यांची दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवायला जाऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नसतं. एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवणं त्यांची जबाबदारी.

घाटावरचा
पुणे-कोल्हापूर-नागपूरकरांनी अजून एक बघावं. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू आहे. नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि अमेरिकेचं विमान अंधेरीहून, असं तिकीट साइट गपचूप जोडून देते. मधे टॅक्सी आणि सायन-पनवेल हायवे. ब्लॉक टाइम देवाच्या हाती.

अण्णा डोंबिवलीकर
अवांतर: सामानात सुकं खोबरं देऊ नका. वाटी असो की गोटा, तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी घातलेल्या वस्तूंत आहे. स्कॅनरवर दिसलं की बॅग उघडायला बोलावतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, १०० मिलीचा नियम आडवा येतो. मोठ्या बॅगेत, झाकणाखाली प्लास्टिक आणि वरून दोन पिशव्या.

टिंबटिंब
खोबऱ्यावर बंदी आणि वाटणाची अपेक्षा.

कात्रजचा बोगदा
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे चर्चा भलतीकडे भरकटायच्या आत एक विचारतो. वेळ जर वाऱ्यावर आणि बंदीवर ठरते, तर त्या १२,५३३ चा उपयोग काय? कोणालाच लागत नाही तो आकडा?

गोडबोले मास्तर
लागतो, आणि पैशासाठी लागतो. युरोपातून सुटणारं विमान रद्द झालं किंवा कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर युरोपीय संघाच्या नियम २६१ प्रमाणे भरपाई मिळते. ती अंतरावर ठरते, आणि ते अंतर ग्रेट सर्कलने, म्हणजे रेघोटी यांच्या दोऱ्याने मोजायचं असं नियमातच लिहिलंय. ३,५०० किमीच्या वरच्या लांब उड्डाणांना कमाल रक्कम ६०० युरो. विमान प्रत्यक्षात कुठून वळसा घालून गेलं याला तिथे किंमत नाही.

आपल्याकडे उलटं. डीजीसीएच्या (आपलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) नियमात ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणाची भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यावर १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. त्यामुळे १६ तासांच्या विमानालाही दहा हजारच. हवामान किंवा आकाशबंदी हे कारण असेल तर दोन्हीकडे रोख भरपाई नाही.

रेघोटी
मास्तर, हे माहीत नव्हतं. दंडवत.

भोवरा
इतिहासाची एक नोंद: एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क १९६० मध्ये बोइंग ७०७ ने सुरू केलं, लंडनमार्गे. विनाथांबा जायला २००७ चा ऑगस्ट उजाडला, ७७७-२००एलआर आल्यावर. ४७ वर्षांत अंतर काही बदललं नाही. टाकी मोठी झाली आणि इंजिन कमी पिणारं आलं.

सुरंगी
नॉनस्टॉपच घेतेय, डिसेंबरचं. एकच गोंधळ उरलाय. तिकिटावर निघायची वेळ ००:४०, तारीख १५, पोचायची ०७:१०, तारीख १५च. साडेसहा तासांत कसं?

रेघोटी
दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणा. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. डिसेंबर म्हणजे साडेदहा. ०७:१० अधिक १०:३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५:४०. ००:४० पासून मोजा, बरोबर १७ तास. हिवाळ्याचा वारा धरून ठीक आहे. परतीला तारीख एकने पुढे जाईल, मुंबईत न्यायला येणाऱ्याला सांगून ठेवा.

पाणचक्की
आणि सगळ्यात जास्त विमानं चुकतात ती यामुळे: १५ तारखेचं ००:४० म्हणजे विमानतळावर १५ च्या रात्री जायचं नाही. १५ च्या रात्री विमान तिकडे पोचूनही झालेलं असेल.

सुरंगी
अरे देवा. बाबांनी कॅलेंडरवर १५ ला लाल गोल केलाय. मग घरून कधी निघायचं?

घाटावरचा
कुठून?

सुरंगी
ठाणे.

अण्णा डोंबिवलीकर
१४ ला संध्याकाळी सात. नऊपर्यंत टर्मिनल २. जेवून निघा.

टिंबटिंब
आणि खोबरं काढून ठेवा.